उजवा तळहात

"...पण शाळेत हे शिरलं कुठून, बाबा? तेवढंच सांगा."

धायगुडे मास्तर टेकडी चढून आले होते. धाप लागली होती, तरी बसायला तयार नव्हते.

दर्ग्याच्या ओट्यावर फकीरबाबा गोधडी शिवत होते. त्यांचा जुना चेला याकूब शेजारी चिंध्या निवडत होता.

मास्तरांनी खिशातून कर्कटक काढलं. "हे बघा. सातवीतल्या हरणूनं हे पुष्करच्या हातात खुपसलं. तीन टाके पडले."

"कुठल्या हातात?"

"उजव्या. तळहातात."

बाबांची सुई थांबली. मग पुन्हा चालू लागली.

"उद्या हरणूचा दाखला काढतो. त्याची आई सकाळपासून शाळेच्या पायरीवर बसून आहे. दुसरी शाळा लांब, म्हणजे पोराचं शिक्षण संपलंच. पण करू काय? एक सडका आंबा अख्खी अढी नासवतो."

"आणि पुष्कर?"

"हिरा आहे! वर्गात पहिला. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"तुम्ही मारता पोरांना?"

मास्तरांची मान ताठ झाली. "बावीस वर्षं झाली, बाबा. एका पोराला बोट लावलेलं नाही. छडी तर मी आल्या आल्या चुलीत घातली."

"मग उत्तर चुकलं तर?"

"त्याची सोपी रीत आहे. ज्याचं उत्तर बरोबर, तो चुकणाऱ्याचं नाक धरतो आणि एक थोबाडीत देतो. पोरं हसतात, अभ्यासही होतो."

"रोज?"

"रोज. गणिताच्या तासाला."

"हं..."

बाबांनी चार टाके घातले. मग गोधडीवरून हात फिरवत विचारलं, "मास्तर, हिला पहिला दोरा कुठून घालायचा? मधून, की कडेनं?"

"अं? मधून... असेल."

"चूक. याकूब?"

"कडेनं, बाबा."

"शाबास. धर मास्तरांचं नाक."

याकूब बावरला. पण बाबांचा शब्द त्यानं तीस वर्षांत मोडला नव्हता. उठून त्यानं दोन बोटांत मास्तरांचं नाक धरलं आणि दुसरा हात उगारला.

नवस फेडायला आलेल्या दोन बाया ओट्याखाली उभ्या होत्या. तोंडाला पदर लावून त्या फिसकन हसल्या.

"हाणू का, बाबा?"

बाबांनी आणखी एक टाका घातला.

मास्तरांचे कान तापले. नजर याकूबच्या उगारलेल्या हातावर खिळली. त्या तळहातावर. मग त्यांना स्वतःचाच हात दिसला. मुठीत कर्कटक आवळलेलं होतं, टोक वर.

"सोड त्यांना," बाबा म्हणाले.

नाक सुटलं. मूठ काही सुटेना.

मास्तर मटकन ओट्यावर बसले. काहीतरी कळल्यासारखं वाटत होतं, आणि धरू गेलं की निसटत होतं.

"पण पुष्करनं तर मी सांगितलं म्हणून... आणि हरणूनं... बाबा, मग उद्या दाखला कुणाचा काढू?"

बाबांनी सुईत नवा दोरा ओवला.

"मला कशाला विचारता, मास्तर? मी तर तुम्हाला बोटही लावलं नाही."