तुदाने धरलेला खांब

एक होतं शहर, लाल मातीचं. तिथे राजाही होता, पण गोष्ट त्याची नाही. गोष्ट आहे तुदाची.

हे शहर फार लांब, वाळवंटाच्या कडेला. मागे बर्फाचे डोंगर. राजाचं नाव इद्दर. त्याचे पणजोबा उंट राखायचे, बरं का. त्यांनी इथे काळा तंबू ठोकला. मग तंबूभोवती भिंत आली, मग महाल आले, आणि तंबूत कसं राहायचं ते सगळे विसरून गेले.

एकदा काय झालं, डोंगरातून अमनाय नावाचा सरदार उतरला आणि त्याने शहराला वेढा घातला. शपथच घेतली त्याने, की दरवाजा फुटला की या शहरातला जो सापडेल तो माझ्या तलवारीचा. उन्हाळा गेला, हिवाळा आला. धान्य संपलं. लोक खजुराच्या बिया दळून खाऊ लागले.

तुदा म्हणजे एक म्हातारी विणकरीण. घरात ती आणि तिची नात ईतो, दोघीच. पोर भुकेने इतकी हलकी झाली होती, की उचलताना तुदा घाबरली. मग तिने ईतोला शेजारणीकडे ठेवलं आणि थेट राजाकडे गेली.

तिने राजाला जुनी रीत सांगितली. जो कुणाच्या तंबूचा मधला खांब धरेल, तो त्या घरचा झाला. हात खांबावर आहे तोवर घरच्यांनी त्याला जपायचं, स्वतःचा जीव गेला तरी. मला अमनायच्या छावणीत जाऊ द्या, म्हणाली.

प्रधान हसला. असल्या रीती मेंढपाळांच्या, म्हणाला, आता कोण पाळतं?

"आपण विसरलो," तुदा म्हणाली. "ते अजून तंबूतच राहतात."

"जाऊ द्या तिला, महाराज," प्रधान म्हणाला. "तेवढंच एक तोंड कमी."

मग भर दुपारी छोटा दरवाजा उघडला आणि तुदा बाहेर पडली. छावणीतले शिपाई खो खो हसायला लागले.

"काय गं आजी, लढायला आलीस?"

"नाही रे बाबा. तुमच्या सरदाराच्या आईला भेटायचंय."

आईला भेटायला नको कोण म्हणणार? वाट मिळाली.

अमनायची आई तमू. तंबू तिचा होता, तिने स्वतः विणलेला. तिकडे तंबू बाईचाच असतो. तुदा आत गेली आणि दोन्ही हातांनी खांब धरला. तमूने तिचे खांबावरचे हात पाहिले. मग म्हणाली, ही आता माझ्या घरची.

अमनाय धावत आला. त्याला रीत मोडवेना आणि शपथही मोडवेना. मग त्याने ठरवलं, म्हातारीलाच खांब सोडायला लावायचं.

आधी त्याने भाजलेलं कोकरू आणवलं आणि तुदाचा हात पोचणार नाही असं ठेवलं. वाफा निघत होत्या. तुदाच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने तेच गिळलं, पण खांब सोडला नाही.

मग त्याने तंबूचे सगळे दोर कापले. वर बकरीच्या केसांचं जड कापड, आणि वारा सुटलेला. सगळा भार खांबावर आला. तुदाने छाती खांबाला टेकवली आणि ती उभी राहिली.

मग भिंतीवरून ईतो आजीला हाका मारताना अमनायने ऐकलं आणि तिला बाहेर बोलावलं. पोर छोट्या दरवाजातून बाहेर आली आणि भिंतीपाशीच रडू लागली. अमनाय गोड बोलला, "जा आजी, घेऊन ये तिला."

तुदाला धावत जावंसं वाटलं. पण हात सुटला तर दोघी संपल्या, हे तिला कळत होतं.

"ईतो," तिने हाक मारली, "तू ये. चालत ये."

ईतो पडली, उठली, पुन्हा पडली. एक शिपाई पुढे सरकला, तशी तमूने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो जागीच थांबला. ईतो आली आणि तिने आजीचा पदर धरला.

तमू म्हणाली, "पोरीने आजी धरली, आजीने खांब धरला. पोरही घरची."

भिंतीवरून लोक हे पाहत होते. शेजारीण आली, तिने ईतोचा हात धरला. तिचा हात कुंभाराने धरला. एकामागे एक सगळं शहर आलं, हातात हात. प्रधानही आला, मान खाली घालून. राजा इद्दरला दुसऱ्याचा हात धरायचा होता, म्हणून त्याने हातातला राजदंड वाळूत टाकला.

तिकडच्या बायका म्हणतात, मागावर विणलेलं कापड जिवंत असतं. तंबूचं कापड आपोआप ताणलं जाऊ लागलं, बरं का. अडवायला दोर कुठे होते? ते तर अमनायनेच कापलेले. काळं कापड माणसांवरून सरकलं, भिंतीवरून गेलं, आणि सगळं शहर तमूच्या तंबूखाली आलं.

आता आईच्या तंबूत तलवार कशी उपसायची? अमनायने ती म्यानातच ठेवली. दरवाजा फुटलाच नव्हता, म्हणून त्याची शपथही मोडली नाही. शहर त्याचं झालं. निशाण बदललं, राजा बदलला, पण माणूस एकही मेला नाही. इद्दर पुन्हा उंट राखू लागला आणि सुखाने झोपू लागला.

आणि तुदा? तिची बोटं खांबावरून सुटेचनात. मग तमूने लोणी कोमट केलं आणि एकेक बोट चोळून हळूहळू मोकळं केलं. शेवटचं बोट सुटलं, तशी तुदा ईतोला कुशीत घेऊन तिथेच झोपली.

तुमच्याही मुठी उघडा, बाळांनो. डोळे मिटा. दार मी लावतो.