बांधाच्या आतलं पाणी

"पण माझं चुकलं कुठे, तेवढं तरी सांगा!"

विश्राम तांडेलने तिसऱ्यांदा विचारलं, आणि केवळगिरी महाराजांनी तिसऱ्यांदा उत्तर दिलं नाही. मठाच्या अंगणात ते पहारीने दगडांच्या सांधी मोकळ्या करत होते. वय ऐंशीच्या पुढचं. चार घाव घातले की थांबायचे, धाप ओसरली की पुन्हा पहार उचलायचे.

विश्राम हा सारंगपाड्याचा पहिला इंजिनिअर. मुळाक्षरं त्याने याच अंगणात गिरवली. अकरा वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडावरचा दगडी बांध त्यानेच उभा केला, तेव्हा गावाने ताशे लावून त्याची मिरवणूक काढली होती. "हा बांध आहे तोवर खुशाल झोपा," असं तो त्या दिवशी माइकवरून म्हणाला होता.

गेल्या अवसेच्या उधाणाला, भरदुपारी, समुद्र त्या बांधावरून आत आला.

बांध पडला नाही. पडला नाही म्हणूनच आलेलं पाणी परत जाईना. तीन दिवस गाव त्यात उभं होतं. चार माणसं गेली. त्यातली एक चांगुणा, विश्रामची सख्खी मावशी. अंथरुणाला खिळलेली. घरची माणसं कामावर; शेजारी पोचले तेव्हा उशीर झाला होता.

आज विश्राम आला होता तो काखेत नवा नकाशा घेऊन. आणखी उंच बांधाचा. संध्याकाळी पाच वाजता देवळात सभा होती, आणि महाराजांचा आशीर्वाद असल्याशिवाय गाव कशालाच हो म्हणत नसे.

"गेल्या शंभर वर्षांची उधाणं तपासली मी," विश्राम म्हणाला. "सगळ्यांत मोठं जे होतं, त्याच्याहून हातभर उंच बांधला. गणित चोख होतं."

"चोख?"

"अगदी."

"मग समुद्राचं चुकलं."

विश्रामची कानशिलं तापली. "समुद्र वाढतोय, महाराज. साऱ्या जगात वाढतोय. त्याला मी काय करू?"

"हे तुला कळलं कधी? बांध घालायच्या आधी, की नंतर?"

विश्रामने नकाशा या काखेतून त्या काखेत घेतला.

"विश्राम."

"आधी," तो म्हणाला. "अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं मी. पण लगेच काही होणार नव्हतं. म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू."

"चांगुणेला वाचून दाखवलंस ते पान?"

विश्रामने मान खाली घातली. बांध झाल्यावरही टेकडीवर घरांसाठी जागा मिळत होती, तेव्हा मावशी साऱ्या आळीला ऐकवत सुटली होती, "माझ्या विश्रामानं बांध घातलाय. मी कशाला जाऊ टेकडीवर?" ते त्याच्या कानावर आलं होतं. आणि ऐकून त्याला बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं.

महाराजांनी पहार त्याच्यापुढे धरली.

"धर. माझ्याच्यानं होत नाही आता."

विश्रामने पहार घेतली आणि तेव्हा कुठे त्याने नीट पाहिलं. महाराज काय फोडत होते ते त्याच्या ध्यानात आलं, तसा तो दोन पावलं मागे सरला.

"ही… ही तर थोरल्या महाराजांची समाधी!"

"माझ्या गुरूंचीच. टेकडीवर न्यायचीय."

"समाधी कुणी हलवतं का?"

"असंच म्हणालो होतो मी."

"कुणाला?"

"गावाला. तुझा बांध व्हायच्या आधी निम्मी वस्ती टेकडीवर जायला निघाली होती. मला विचारायला आले सगळे. मी म्हटलं, समाधी हलत नाही, मग आपण का हलायचं?… माझ्या पाया पडून परत गेले, बिचारे."

छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं विश्रामला झालं. त्याची त्यालाच लाज वाटली, पण झालं.

"म्हणजे दोष…"

"माझा. घे की, लागेल तेवढा घे." महाराजांचा आवाज चढला नाही. "हलकं वाटलं ना? मलाही वाटलं होतं, तू बांध घातलास त्या दिवशी."

विश्रामने नकाशा भिंतीशी टेकवला, बाह्या सारल्या आणि पहार चालवायला सुरुवात केली. दगड एकेक करून सुटे झाले. खालची मोठी शिळा दोघांनी मिळून रेटली, तशी ती कुरकुरत बाजूला झाली.

खाली थोरले महाराज दिसले नाहीत. पाणी दिसलं.

काळपट, संथ, काठाच्या चार बोटं खाली. विश्रामने गुडघ्यावर बसून त्यात हात घातला आणि बोट जिभेला लावलं. खारट… त्याने मान वळवून समुद्राकडे पाहिलं. बाहेर भरती लागली होती आणि दूर त्याचा बांध कोरडा ठणठणीत उभा होता. एक थेंबही वरून आलेला नव्हता.

आणि इथे, त्याच्या डोळ्यांदेखत, खड्ड्यातलं पाणी बोटभर वर चढलं.

"खालून…" तो पुटपुटला. "महाराज, समुद्र खालून येतोय."

महाराजांनी वाकून खड्ड्यात पाहिलं.

"मग बांध कितीही उंच घातला तरी…"



देवळातली घंटा वाजली. सभेला माणसं जमायला लागली होती.

"काय सांगू मी त्यांना?" विश्रामने विचारलं. "ते बांधच मागताहेत. त्यांना दुसरं काही ऐकायचंच नाही. आणि मावशीच्या घरची माणसं पुढेच बसलेली असतील…"

त्याने उठून नकाशा उचलला आणि खाली ठेवला. शिळा रेटताना कोपरापर्यंत दोन्ही हात काळ्या चिखलाने भरले होते. तो हात धुवायला अंगणातल्या पाण्याच्या बादलीकडे वळला.

महाराजांनी ती बादली आधीच उचलली होती. आतलं गोडं पाणी त्यांनी शांतपणे समाधीच्या खड्ड्यात ओतलं आणि रिकामी बादली पालथी घातली.

"महाराज, हात…"

"असेच जा," महाराज म्हणाले. "माझा आशीर्वाद कुठाय विचारलं, तर हात दाखव."