पहिली झुळूक

त्या माळावर उन्हाळा संपत नसे. तो कधी जरा मागे सरे, कधी अंगावर येई, एवढेच. दुपारी वर पाऊल टाकले तर पंजे भाजत, म्हणून तिथले सगळे जमिनीखाली राहत. खोल बिळातली माती गार असे, आणि प्रत्येक बिळाच्या छताला एक झरोका असे.

झरोक्याची एक रीत होती. आपला झरोका आपण उकरायचा नाही, तो शेजाऱ्याने उकरायचा. वारा दर वर्षी थोडा वळे, आणि तो यंदा कुठून येतो आहे ते घरात बसलेल्याला कळत नाही, बाहेर उभ्या असलेल्याला कळते. झरोका पडला की उकरणारा आत येऊन त्याखाली पसरे. पहिली झुळूक उकरणाऱ्याची, असे पूर्वीपासून ठरलेले होते.

साळू नावाच्या साळिंदराच्या घराचा झरोका शेजारचा खवल्या पाडत असे. तो अंगभर खवले असलेला, अबोल आणि लांब नखांचा प्राणी होता. काम झाले की तो साळूने पुढे केलेली कंदमुळे खाई आणि झरोक्याखाली डोळे मिटून पडून राही. मग साळू म्हणे, “खवल्याभाऊ, पहिली झुळूक तुमची. ही कितवी?” खवल्या डोळे न उघडता म्हणे, “अजून पहिलीच चालू आहे, साळूताई.”

एका वर्षी तळ्याकाठचे बगळे माळावर आले. ते स्वच्छ होते, हळू बोलत, आणि बोलताना एक पाय वर धरत. त्यांनी सांगितले की तळ्यावरचा गार वारा वेळूच्या पोकळ नळ्यांतून ते घरोघर पोचवतील. उकरायला नको, दिशा बघायला नको. मात्र एका घरात दोन वारे नांदत नाहीत. म्हणून झरोके बुजवायचे आणि बिळाचे छत वरून वाळवीच्या मातीने लिंपून घ्यायचे. ही माती वाळली की दगडासारखी होते, हे सगळ्यांना माहीत होते. दगडासारखी म्हणजे पक्की, असे सगळ्यांनी म्हटले.

प्रत्येक नळीच्या तोंडाशी बगळ्यांनी स्वतःचे एक पांढरे पीस बांधून दिले. पीस हलले की वारा आला, असे समजायचे.

“आणि वारा आला नाही तर?” खवल्याने विचारले.

बगळ्याने पाय बदलला. “पीस हलेल,” तो म्हणाला.

“भाऊंना पहिल्या झुळकीची काळजी पडली आहे,” साळू म्हणाली, आणि सगळे हसले. खवल्याही थोडा हसला.

पहिला उन्हाळा खरोखर सुखाचा गेला. पिसे दिवसभर हलत होती आणि घरोघर सगळे दुपारभर झोपत होते. खवल्या साळूकडे आला नाही, कारण यायला काही कारण उरले नव्हते. वाटेत भेटले तर ते एकमेकांना विचारत, “तुमचे पीस कसे आहे?”

पुढे बगळ्यांनी कळवले की नखांमुळे जमिनीतल्या नळ्यांना ओरखडे पडतात. त्यांनी आपल्या चोचींनी सगळ्यांची नखे कापून दिली, अगदी सफाईने. खवल्या रांगेत शेवटी उभा राहिला होता. नखे कापल्यावर तो बराच वेळ पंजे बघत होता. मग तोही घरी गेला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तळे मागे हटले. बगळे आता भेगाळलेल्या चिखलात एक पाय वर धरून उभे राहत. पण तळ्याकडे कुणी जात नसे. वारा घरी येत असताना तो निघतो कुठून, हे बघायला भर उन्हात कोण जाणार?

त्याच उन्हाळ्यात साळूला पिल्लू झाले. त्याचे काटे अजून केसांसारखे मऊ होते. दुपारी पीस मंद होऊ लागले, तेव्हा साळूने बगळ्यांना निरोप पाठवला. बगळ्यांनी समजूत घातली की दुपारी सगळ्यांनाच वारा हवा असतो, थोडे सोसावे, आणि लहानांना हळू श्वास घ्यायला शिकवावे. साळूने शिकवून पाहिले. पिल्लू काही शिकले नाही.

मग एका दुपारी पीस अचानक जोरात हलू लागले. इतके जोरात ते कधीच हलले नव्हते. साळूने पिल्लाला उचलले आणि नळीच्या तोंडाशी निजवले. घर मात्र तापत चालले. दारातून भट्टीसारखी हवा आत येत होती आणि पिल्लाची छाती भरभर वरखाली होत होती. साळूने पुन्हा पिसाकडे पाहिले. ते हलत होते. पीस हलते की नाही एवढेच बघायला सगळे शिकले होते. ते कुठल्या बाजूला हलते हे तिने आज पहिल्यांदा पाहिले. पिसाचे टोक नळीच्या आत वळले होते.

तिने पिल्लाला मागे ओढले आणि नळीत माती कोंबली. नळीने ती ओढून नेली. पिल्लाला घेऊन ती दाराकडे गेली, पण दाराबाहेर तर जमीनच पेटल्यासारखी होती. तिने छताकडे तोंड करून खवल्याला हाक मारली.

खवल्या आला. त्या उन्हात तो पोटावर सरपटत आला असावा, कारण पावलांऐवजी खवल्यांचा आवाज झाला. कुठे उकरायचे ते त्याने विचारले नाही. वारा कुठून येतो आहे, हे त्याला अजून कळत होते. बरोबर त्या जागी, साळूच्या डोक्यावर, घासल्याचा आवाज येऊ लागला.

“साळूताई, ऐकू येतंय?”

“येतंय. भाऊ, खाजवू नका. उकरा.”

वरचे घासणे थांबले.

“उकरतोच आहे,” खवल्या म्हणाला.

घासण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. छतातून मातीचा एक कणही पडला नाही. नळीच्या तोंडाचे पीस देठापासून तुटले आणि आत निघून गेले.

तळ्याकाठच्या झाडावर, बगळ्यांच्या घरट्यात, वेळूच्या नळीतून त्या दुपारची पहिली झुळूक आली. तिला खोल मातीचा आणि कोवळ्या दुधाचा वास होता. तिच्याबरोबर एक पांढरे पीस आले आणि घरट्यात पडले. बगळ्याचे पिल्लू थंडीने शहारले. आईने त्याच्यावर पंख पांघरला.