खडकपिंपरीची कमान

भाविकहो, आज जिथे आपलं कॅथेड्रल उभं आहे, त्या खडकपिंपरीत पूर्वी नुसता माळ होता. फादर अल्बानबाबांनी तिथे झोपडी बांधली आणि मिस्सेची पहिली उपासना उघड्यावर केली. पुढे दगडी चर्चचं काम निघालं. त्यासाठी गावकुसाबाहेरच्या मोनिकाबाईने आठ वर्षं दगडी चाकाच्या घाणीवर चुना मळला. तिची आस एकच होती. चर्च पुरं झालं की सगळ्यांच्या ओळीत, वेदीपाशी गुडघे टेकून ख्रिस्तप्रसाद घ्यायचा.

बाबा घोड्यावरून खेडोपाडी फिरत. मागे कारभार लाजरस पाटलांकडे. पाटलांनी बाप्तिस्मा घेतला होता, जात सोडली नव्हती. मोनिकाबाईने विचारलं तेव्हा ते चारचौघांत हसले. "तुझा चुना भिंतीला लागला ना, बाई? तू वेदीला लागू नकोस." तिने वस्तीतल्या बायकांसोबत दाराबाहेर बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. एकाही ख्रिस्ती तोंडातून शब्द निघाला नाही. ही आपली लाज आहे, मी ती झाकणार नाही.

वेदीवरच्या कमानीला खालून लाकडी कालबुताचा आधार होता. चुना ओला आहे, महिनाभर थांबा, असं गवंडी सांगत होता. पाटलांना पहिल्या मिस्सेला शोभा हवी होती. त्यांनी आदल्या दिवशीच कालबूत काढायला लावलं.

ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली. सर्वांत पुढे पाटील. तेवढ्यात कमान कडाडली आणि मधला दगड वीतभर खाली घसरला. लोक भिंतींकडे पळाले. पाटील वेदीपाशी गुडघ्यांवरच राहिले.

बाबा जागचे हलले नाहीत. दाराकडे पाहत म्हणाले, "मोनिकाबाई, आत या. तुमच्यासाठी प्रभू थांबलाय."

"मला बाहेर बसायला सांगितलंय, बाबा."

"त्याने नाही सांगितलं."

ती आली. त्या लोंबत्या दगडाखाली, पाटलांच्या शेजारी तिने गुडघे टेकले, प्रसाद घेतला आणि कितीतरी वेळ डोळे उघडलेच नाहीत. वरची करकर थांबली होती. गवंडी शिडी लावून चढला, दगड हलवून पाहिला. ओला चुना खडकासारखा झाला होता. शहाणे यालाही काहीतरी कारण काढतील. काढोत.

पाटील बाबांच्या पायांशी वाकले. बाबांनी मोनिकाबाईकडे बोट दाखवलं. पाटील तिच्याकडे वळले, तशी ती मागे सरली.

"माझ्या पाया पडू नका, पाटील. माझ्या बाया अजून बाहेर आहेत."

पाटील उठले. दारापाशी जाऊन त्या बायकांपुढे त्यांनी मान लववली आणि म्हणाले, "आत या."