पंख आखडलेली पानपरी

ऐका तर. पण आधी नीट मांडी घालून बसा, नाहीतर पायाला मुंग्या आल्या म्हणून मध्येच उठाल आणि माझी परी तिथेच लटकून राहील.

एका हिरव्यागार पानमळ्याच्या कडेला एक पिटुकलं खोपट होतं. त्यात सुगंधा राहायची. सगळे तिला सुगी म्हणायचे. तिचे आबा मळ्यात कामाला होते. उंच शिडीवर चढून विड्याच्या पानांचे वेल बांधायचे, पानं खुडायचे, आणि वरूनच सुगीला गाणी म्हणून दाखवायचे. गाणी अगदीच बेसूर, पण सुगीला फार आवडायची.

पावसाळ्यात एकदा शिडी घसरली आणि आबा खाली पडले. पाय मोडला. पुढे हाड जुळलं, प्लॅस्टरही निघालं, पण पाय आखडला तो आखडलाच. डॉक्टर म्हणाले, "रोज थोडं चाला, रोज पाय वाकवा. बसून राहिलात तर तो असाच राहील."

आबा खाटेवर बसले. गाणी बंद झाली. आई दिवसभर लोकांच्या मळ्यांत पानं खुडायला जायची, तेव्हा कुठे संध्याकाळी चूल पेटायची. मळ्याचे मालक भूपालकाका तसे भले माणूस. पण एक दिवस तेही येऊन आबांना म्हणाले, "शिदू, थंडी सरली की वर गेलेले वेल खाली उतरवून मातीत पुरायचे, तेव्हा कुठे त्यांना नवी पालवी येणार. तोवर तू शिडीवर चढलास तर मळा तुझ्याकडेच. नाहीतर मला दुसरा माणूस आणावा लागेल, आणि राहायला हे खोपटही त्यालाच द्यावं लागेल. माझाही नाइलाज आहे रे."

सुगी दाराआडून सगळं ऐकत होती.

आबांना चालायचं नव्हतं असं नाही हं. पण सुगीचे आबा म्हणजे पक्के आरंभशूर. त्यांनी चांगला सोमवार बघितला, नारळ फोडला, डोक्याला लाल फडकं बांधलं आणि अंगणात फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. संध्याकाळी पाय सुजून भोपळा. मग आठवडाभर खाट. मग म्हणाले, "येत्या सोमवारपासून बघ." सोमवार येत होते आणि जात होते.

एके दिवशी भल्या सकाळी सुगी मळ्यात पाणी सोडायला गेली. पानमळ्यात कुणी चप्पल घालून जात नाही, देवळासारखंच असतं ते. आत गार गार हिरवा उजेड होता. पानापानावर दवाचे टपोरे थेंब लुकलुकत होते, आणि उन्हाचे इवलेसे सोनेरी कवडसे मातीवर नाचत होते. तेवढ्यात पाण्याच्या पाटातून आवाज आला, "अगं, मला कुणी काढा गं बाहेर."

सुगीने वाकून पाहिलं. पाटात एक चिमुकली परी गटांगळ्या खात होती. चांगली गुटगुटीत. अंगात पोपटी झगा, केसांत बडीशेपेच्या फुलांचा पिवळा गजरा, आणि पाठीला चंदेरी पंख, पण घडी घातलेल्या कागदासारखे मिटलेले.

सुगीने तिला ओंजळीत उचललं, परकराच्या काठाने हळूच पुसलं आणि आपल्या शिदोरीतली भाकरी मोडून तिला चिमूटभर दिली. सुगीची स्वतःची न्याहारी तेवढीच होती, तरी दिली.

"मी पानपरी," भाकरी खात परी म्हणाली. "पावसाळाभर या पानाच्या वाटीत बसून राहिले. पाऊस काय, वारा काय, म्हटलं नंतर उडू. आता पंखच उघडेनात. पण तू गुणाची पोर आहेस. एक मागणं माग."

सुगीचे डोळे चमकले. "माझ्या आबांचा पाय बरा कर."

"करते की. पण नियम आहे बाई. मागणं एकच, आणि ते त्या उंच पांगाऱ्याच्या झाडाच्या शेंड्यावर उडत असतानाच देता येतं. जमिनीवर बसून दिलं तर फुकट जातं." परीने वर पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "उद्यापासून उडायला लागते."

उद्या उजाडला. परी म्हणाली, आज दव फार आहे. परवा म्हणाली, वाराच नाही. मग एकदाची उठली, दवाने न्हाली, कपाळाला परागांचा टिळा लावला, जोर लावून पंख उघडले आणि भिरभिर भिरभिर मळाभर घिरट्या घालत सुटली. दुसऱ्या दिवशी पंख इतके ठणकले की बाईसाहेब पानाखाली तोंड लपवून रडत होत्या.

सुगीला हसूच फुटलं. "परीताई, तू तर अगदी आमच्या आबांसारखी आहेस गं."

आणि हसता हसता ती थबकली. आबांचं काय चुकतंय ते तिला आता दिसलं.

"हे बघ," ती म्हणाली, "मी रोज पाटाला पाणी सोडते ना, तेव्हाच उडायचं. या पानावरून फक्त त्या पानावर. मग बसायचं."

"एवढंसंच? मला लोक हसतील."

"इथे मीच आहे, आणि मी हसून घेतलंय. आणि अजून उडावंसं वाटलं तरी उडायचं नाही."

परी उडाली एका पानावरून दुसऱ्या पानावर. "अजून एक?" म्हणाली. सुगीने मान हलवली, "उद्या." परी खट्टू झाली. पण दुसऱ्या दिवशी पाण्याची झुळझुळ ऐकू आली तेव्हा ती पंख पसरून वाटच बघत होती.

तिकडे घरी सुगीने आबांचा चहा खाटेपाशी न देता उंबऱ्यावर ठेवला.

"इथे आण की पोरी."

"तिथे ऊन छान आलंय, आबा."

आबा कुरकुरत उठले, भिंत धरत उंबऱ्यापर्यंत आले. चहा झाल्यावर म्हणाले, "आता अंगणात एक फेरी मारतोच."

"आज नको," सुगी म्हणाली. "उद्या चहा पायरीवर आहे."

मग चहा पायरीवर गेला, मग तुळशीपाशी, मग विहिरीच्या काठावर. कधी आबा हसत यायचे, कधी पांघरूण ओढून म्हणायचे, "आज राहू दे गं." तेव्हा सुगी रागवायची नाही. खाटेशी बसून राहायची, हात धरायची, आणि म्हणायची, "निदान उंबऱ्यापर्यंत." दमायची बिचारी. एवढीशी पोर, आई-बापाच्या घराचा भार खांद्यावर घेऊन हिंडत होती. कधीकधी तिला रडूही यायचं.

थंडी सरली. पांगारा लालभडक फुलला. आणि एका सकाळी पानपरी वेलावरून उठली ती वर, वर, थेट शेंड्यापर्यंत. पंखांतून गुलाबी, निळे, सोनेरी कण झरत होते.

"सुगी, माग आता," ती वरून म्हणाली. "आबांचा पाय बरा करू ना?"

सुगी बोलणार, इतक्यात मागे पाचोळा वाजला. मळ्याच्या तोंडाशी आबा उभे होते. विहिरीवर ठेवलेला चहाचा पेला हातात, चप्पल बाहेर काढलेली. लंगडत लंगडत ते शिडीपाशी आले, एक पाय सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवला, आणि तसेच थांबले. परी त्यांना दिसत नव्हती.

सुगीने वर पाहिलं. ती परीला हळूच म्हणाली, "पाय तर आता चालतोय गं. थोडा लंगडतोय, लंगडू दे. पण रोज सकाळी उठायचं त्यांना फार जड जातं. उद्या सकाळी त्यांना आपणहून यावंसं वाटू दे."

परीने शेंड्याभोवती एक गिरकी घेतली. मग म्हणाली, "परीला पंख असून जे जमत नव्हतं, तेच मागितलंस." तिने पंख पसरले. पांगाऱ्याच्या फुलांतून लखलखीत सोनेरी उजेड सांडला, पानन्‌पान झळाळून उठलं, आणि त्या उजेडातच पानपरी विरून गेली.

दुसऱ्या दिवशी सुगी अजून गाढ झोपेत होती. कुणीतरी तिचं पांघरूण ओढलं.

"ऊठ गं सुगे," आबा म्हणाले. "चहा मी केलाय. मळ्यात जाऊन पिऊ."

वेल उतरवायच्या दिवशी भूपालकाका नवा माणूस सोबत घेऊनच आले. बघतात तर आबा शिडीच्या मध्यावर, वेलाची गाठ सोडवत.

"शिदू, खाली ये की, जरा बोलायचंय."

"थांबा काका, एवढा वेल मोकळा करतो."

काकांनी नव्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल बाबा, तुला माझ्या दुसऱ्या मळ्यात काम देतो. या मळ्याला माणूस आहे."

सुगी खाली शिडी घट्ट धरून उभी होती, आणि डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता. वर आबा गायला लागले होते, अगदी पहिल्यासारखे बेसूर.