धुण्याच्या पिंपातला वास

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हा, एका राज्याच्या कडेने एक ओढा वाहत होता. त्या ओढ्याकाठी एक घर होतं आणि त्या घरात धुणं धुणारं यंत्र होतं. हसू नका, खरंच होतं. एका हुशार सुताराने ते बनवलं होतं. आडवं ठेवलेलं मोठं लाकडी पिंप, त्याला झाकण, पाणी बाहेर पडतं तिथे धागेदोरे अडवणारी पितळी जाळी, आणि ओढ्याच्या धारेवर फिरणारं चाक. कपडे आत टाकायचे, वाटीभर रिठ्याचं पाणी ओतायचं, झाकण लावायचं. चाक फिरलं की पिंप फिरायचं आणि कपडे लख्ख निघायचे.

त्या घरात एक नवी सून आली. स्वभावाने इतकी भित्री, की स्वतःच्याच बांगड्या वाजल्या तरी दचकायची. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात पिंप तिच्या हवाली केलं.

"सांभाळ हो. पंचक्रोशीत असं दुसरं नाही," त्या म्हणाल्या. "आणि सुतार राहतो डोंगरापलीकडे."

मोडलं तर? सुनेच्या मनात आलं. त्या दिवसापासून ती पिंपाला जपू लागली. जपायची म्हणजे काय, तर कपडे टाकण्या-काढण्यापलीकडे आत हातच लावायची नाही. जाळी काढताना वाकली तर? फळी निसटली तर? शिवाय जे रोज पाण्यात असतं, त्याला वेगळं काय धुवायचं?

दोन महिन्यांनी एका सकाळी तिने झाकण उघडलं आणि आतून कुबट वास आला. बिघडलं! माझ्याच हातून बिघडलं! सासूबाईंना सांगितलं तर त्या काय म्हणतील, हे तिने मनातल्या मनात सतरा वेळा ऐकलं. दर वेळी त्या आणखी मोठ्याने ओरडल्या.

मग तिने सांगायचं सोडून लपवायचं ठरवलं. एका वाटीच्या जागी दोन वाट्या रिठ्याचं पाणी ओतलं. धुणं झाल्या झाल्या झाकण घट्ट लावलं, म्हणजे वास बाहेर येणार नाही. वास वाढला. तिने तीन वाट्या ओतल्या आणि झाकणावर दगड ठेवला.

त्याच सुमारास नणंद बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. बाळाची दुपटी, लंगोट, टोपरी सगळं पिंपात धुतलं जाऊ लागलं. आठव्या दिवशी बाळाच्या अंगावर लाल पुरळ उठलं. बाळ रडायचं थांबेना. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला, फरक पडला नाही. शेवटी सासूबाईंची नजर गेली बाळाला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या म्हातारीकडे.

"म्हातारे, तेल कुठलं वापरतेस?"

"तेच गं, ज्याने तुझ्या लेकीला चोळलं होतं."

"तेव्हा तुझे डोळे शाबूत होते. काय कालवतेस ते आता तुला तरी दिसतं का? उद्यापासून येऊ नकोस."

म्हातारीने पदराला हात पुसले आणि ती पायऱ्या उतरली.

सून दाराआड उभी होती. पुरळ पिंपात धुतलेल्या दुपट्यांनीच उठलं असणार, हे तिला कळत होतं. बोलावं. आता बोलावं. पण पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं नाही. म्हातारी वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा सून मागच्या दाराने पळत पिंपाकडे गेली. दगड बाजूला केला, झाकण काढलं आणि डोळे मिटून पहिल्यांदाच जाळीला हात घातला. जाळी निघाली. जाळीवर काळा, बुळबुळीत थर होता, आणि त्यातून दोन डोळे वर आले.

"आई गं!" ती किंचाळली.

"ओरडू नकोस, मी खेकडा," तो म्हणाला. "झाकण लाव बघू. किती छान ठेवलं होतंस!"

"छान?"

"मग! आत ओल, अंधार, वर दगड. कुणी डोकावायची भीती नाही. तुझ्या रिठ्याचा फेस लाकडावर असा साचलाय, की बुरशीची गादीच झाली. ओढ्यात एवढं सुख नव्हतं बाई. तू घाबरत राहा, माझा संसार मजेत चाललाय."

आता सुनेच्या लक्षात आलं. वास घालवायला ओतलेला रिठा आणि वास कोंडायला लावलेलं झाकण, या दोन्हींनीच घाण पोसली होती. ती तशीच, काळं पाणी गळणारी जाळी हातात धरून, स्वयंपाकघरात गेली.

"सासूबाई, तेलाचा दोष नाही. माझा आहे," ती म्हणाली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

सासूबाई ओरडल्या. चांगल्या ओरडल्या. "इतके दिवस वास येतोय आणि तोंडाला कुलूप? त्या लेकराची कातडी बघ जरा!" पण चुलीवरचं दूध वर आलं, ते उतरवायला त्यांना उठावं लागलं, आणि तेवढ्यात ओरडणं संपलंसुद्धा. ज्याला ती इतके दिवस भीत होती, ते एवढंच होतं.

"आता रडत बसू नकोस. पाणी तापव, लिंबं आण," त्या म्हणाल्या.

दोघींनी पिंप आतून घासलं. एक फळी इतकी कुजली होती, की बोट टेकताच भुगा झाला. वेळेवर पुसली असती तर वाचली असती. आता सुताराला बोलावणं धाडावं लागलं. तेव्हापासून जाळी दर आठवड्याला निघू लागली, रिठा वाटीभरच पडू लागला, आणि धुणं झालं की झाकण उघडं राहू लागलं. खेकडा बडबडत ओढ्यात निघून गेला. बाळाचं पुरळ जायला मात्र पंधरा दिवस लागले. बाराव्या दिवशीचं बारसं लांबलं.

सून म्हातारीच्या दारी गेली. "आजी, चूक माझी. परत याल ना?"

"येईन गं पोरी. पण माझ्या तेलाचं नाव गेलं ना! आणखी दोन घरांनी मला नको म्हटलं. त्यांना कोण सांगणार?"

सुनेला पुन्हा दाराआड लपावंसं वाटलं. पण ती गेली. पहिल्या दारात उभी राहून म्हणाली, "आजींचं तेल चांगलं होतं. आमचं पिंप घाण होतं आणि मी गप्प बसले होते." त्या घरच्या बाईने ऐकून घेतलं. दुसरीने अर्धं ऐकून दार लावलं.

सून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारी गेली. तिने कडी वाजवली.

तात्पर्य: भीतीने झाकून ठेवलेली चूक आतल्या आत वाढत जाते, आणि तिची शिक्षा आधी निरपराध माणसाला होते.