हौसाईची खिंड

मंडळी, इथे जरा थांबा. डाव्या हाताला कोकण, उजव्या हाताला देश. खाली बघा, भातखाचरं धुक्यात बुडाली आहेत आणि इकडे माळावर चक्क ऊन पडलंय. आषाढात खाली हाडं गारठतात, पण पूर्वेला चार-पाच कोस चाललं की पायाखाली धूळ लागते. या खिंडीला हौसाईची खिंड म्हणतात.

असे सांगतात की पूर्वी पाऊस डोंगराच्या दोन्ही अंगांना सारखाच कोसळायचा. त्या काळी म्हाकू धनगर आणि त्याची बायको हौसाई खाली कोकणात मेंढरं राखत. एका वर्षी झड लागली ती उघडेचना. चिखलात मेंढरांचे खूर कुजले. रोज दोन-तीन पडू लागली. उरलेली घेऊन दोघं डोंगर चढली. वाट दिसत नव्हती. पुढच्या मेंढीच्या घंटेमागे नुसती चालत राहिली. खिंडीत पोचली तर ढगही म्हणे त्यांच्यासोबतच निघालेले.

हौसाई वाटेत हात पसरून बसली. ढग थबकले.

“तुमी मेंढरं घिऊन फुडं व्हा,” ती म्हणाली. “म्या उठले तर ह्यो पाऊस मागनं येईल.”

“आन् तू?”

“दसऱ्याला या. तवर धरते.”

म्हाकूचा पाय निघेना. पण काखेतलं कोकरू थरथरत होतं. तो गेला. पाठीला ऊन लागलं तेव्हा तो रडला, असं म्हणतात. हौसाईच्या बोटांच्या फटींतून निसटे तेवढाच पाऊस माळावर पडे. तेवढ्यावर आखूड गवत उगवलं, खूर भरून आले, कळप वाचला.

दसऱ्याला तो धावत वर आला. हौसाई नव्हती. बसल्या जागी गवत दबलेलं होतं आणि हात लावला तर उबदार. तीन दिवस तो तिथेच बसून राहिला. मग माळ सुकला होता म्हणून कळप घेऊन कोकणात उतरला.

आजही ज्येष्ठात धनगर कोकणातून वर येतात. खिंड ओलांडून गेल्यावर शेवटची बाई चालता चालता हाक घालते, “हौसाई, धर गं!” पण मान वळवून बघत नाही. बघितलं, तर हौसाईलाही उठून आपल्यासोबत यावंसं वाटेल, असं म्हणतात.